व्होल्नेपासून सुरुवात: बर्गंडीची लाल वाइन निवडावी, सांभाळावी आणि प्यावी कशी

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रदेशाची लाल वाइन पहिल्यांदा ग्लासात पडली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं होतं, "यात पाणी घातलंय का?" ग्लासाच्या मागे धरलेल्या पेपरातली अक्षरं आरपार वाचता येत होती. नाशिककडच्या दाट जांभळ्या शिराझची सवय असलेल्या माणसाला हा रंग म्हणजे शुद्ध फसवणूक वाटते, आणि किंमत कळल्यावर तर जास्तच. पण अर्ध्या तासाने त्याच ग्लासातून गावठी गुलाबाचा वास यायला लागला, त्यामागे किंचित ओल्या मातीचा. ती बाटली व्होल्नेची होती.

बर्गंडीबद्दल वाचायला बसलं की माणूस पहिल्या तासातच हात टेकतो. गावांची नावं, शेतांची नावं, एकाच आडनावाचे चार-चार उत्पादक, आणि बाटलीवर द्राक्षाच्या जातीचा बहुतेक वेळा उल्लेखच नाही. म्हणून माझा सल्ला असा, की सगळी बर्गंडी शिकायच्या फंदात पडू नका. एक गाव धरा. मी व्होल्ने सुचवतो, त्याला कारणं आहेत. तिथे 'ग्रां क्रू' या सर्वांत वरच्या दर्जाची एकही बाग नाही, त्यामुळे भाव अगदी आभाळाला टेकलेले नाहीत. व्होल्ने नावाने फक्त लाल वाइन विकता येते, म्हणजे तेवढा गोंधळ कमी. आणि लागूनच पॉमार नावाचं गाव आहे. तिथली वाइन त्याच द्राक्षाची, पण स्वभावाने अगदी वेगळी. या दोन शेजाऱ्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या वर्गात बसून कळलं नसतं.

पायरी 1: आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा

पॅरिसच्या आग्नेयेला दिजाँ शहर आहे. तिथून दक्षिणेला बोन गावावरून पुढे डोंगरउताराची एक अरुंद पट्टी जाते, तिचं नाव कोत दॉर. लांबी पन्नास-साठ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी किलोमीटरभरसुद्धा नाही. पट्टीचा उत्तर भाग कोत द न्वी, दक्षिण भाग कोत द बोन. उताराचं तोंड पूर्वेला आणि आग्नेयेला आहे, त्यामुळे थंड हवेच्या या मुलखात सकाळचं कोवळं ऊन वेलींना लवकर मिळतं. माथ्यावर जंगल, मधल्या उतारावर सर्वांत चांगल्या बागा, खाली सपाटीला साध्या. हा क्रम पक्का लक्षात ठेवा, लेबल वाचताना उपयोगी पडतो.

बोनहून नैर्ऋत्येला निघालात की तीन-चार किलोमीटरवर पॉमार, आणखी थोडं पुढे व्होल्ने, मग मर्सो. व्होल्ने हे जेमतेम अडीचशे-तीनशे वस्तीचं गाव. शेजारची गावं खाली वसलेली आणि हे मात्र आपल्याच बागांच्या वर चढून बसलेलं. फ्रेंचमध्ये एक जुनी यमकबद्ध म्हण आहे, तिचा अर्थ असा: पॉमार आणि मर्सो काहीही म्हणोत, सगळ्यांत वर व्होल्नेच. त्यातला 'वर' उंचीचा की दर्जाचा, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं.

इथली लाल वाइन पिनो न्वार या एकाच जातीची. पातळ सालीचं, लवकर पिकणारं, लहरी द्राक्ष. पातळ सालीमुळेच रंग फिका आणि तुरटपणा मऊ. 1395 मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने फर्मान काढून गामे ही भरघोस पिकणारी जात उपटून टाकायला सांगितली होती. ती जात त्याच्या लेखी बेइमान होती. भरपूर पीक की चांगलं पीक, हा वाद तेव्हाचा आहे.

पायरी 2: शेतांची नावं ओळखीची करून घ्या

बर्गंडीत 'क्लिमा' हा शब्द सारखा कानावर येतो. त्याचा हवामानाशी संबंध नाही. क्लिमा म्हणजे सीमा ठरलेला, नाव असलेला बागेचा तुकडा. आपल्या गावात शेताला 'माळाचं', 'विहिरीचा तुकडा', 'चिंचेचं वावर' अशी नावं असतात, तसंच हे. फरक इतकाच, की तिथे ती नावं शतकानुशतकं कागदावर आहेत आणि त्यांवरून बाटलीची किंमत ठरते. असे 1,247 क्लिमा 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

व्होल्नेतली पाच-सहा नावं पाठ करा, पुरे आहेत. कायरे म्हणजे खड्यांची जमीन. क्लो दे शेन म्हणजे ओक झाडांचं आवार. तायप्ये हा चढाचा, दगडाळ तुकडा. शांपां. क्लो दे द्यूक म्हणजे ड्यूकांचं आवार. हा जेमतेम सव्वादोन हेक्टरचा तुकडा मार्की दांजेरव्हिल या एकाच घराण्याकडे आहे. आणि सांत्नो. याची गंमत अशी, की हा तुकडा मर्सो गावाच्या हद्दीत येतो, पण त्यात पिकलेली लाल वाइन व्होल्ने-सांत्नो म्हणून विकली जाते आणि पांढरी मर्सो म्हणून.

एका क्लिमाचा एकच मालक असणं दुर्मिळ. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात गेल्या, पुढे 1804 च्या नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना वारसाहक्काचा सारखा वाटा मिळाला. मग काय, वाटण्यांवर वाटण्या. उत्तरेकडच्या क्लो द वूजो या सुमारे 50 हेक्टरच्या बागेचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. एका सातबाऱ्यावर ऐंशी नावं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. ही बाग सितो मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून उभी केली होती. तेव्हा मालक एकच होता.

म्हणूनच बर्गंडीत नुसतं शेताचं नाव पाहून बाटली घेऊ नये. एकाच तुकड्यातल्या दोन शेजारी ओळींपैकी एक बागायतदार पीक कमी ठेवून निगुतीने करणारा, दुसरा आळशी. आधी उत्पादक, मग शेत, मग वर्ष. जाणकार हा क्रम पाळतात आणि मला तो शंभर टक्के पटतो.

पायरी 3: लेबल वाचायला शिका

दर्जाच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खाली नुसतं 'बुर्गोन्य', म्हणजे बर्गंडीचंच फ्रेंच नाव. संपूर्ण प्रदेशाच्या उत्पादनापैकी जवळपास निम्मी वाइन या पायरीची. त्यावर गावाच्या नावाची, म्हणजे नुसतं 'व्होल्ने'. त्यावर 'प्रमिये क्रू', साधारण दहा टक्के. आणि शिखरावर ग्रां क्रू, एक टक्क्याच्या आसपास. व्होल्नेच्या बागांपैकी अर्ध्याहून जास्त क्षेत्र प्रमिये क्रू आहे. गावाचं वजन यावरून कळावं.

आता बाटली हातात घ्या. मोठ्या अक्षरात व्ही, ओ, एल, एन, ए, वाय असं दिसेल. त्याखाली बारीक अक्षरात 'अपेलासियों' आणि 'कोंत्रोले' हे शब्द, आणि त्यांच्यामध्ये दर्जाचं नाव. तीच सरकारी ओळ. बाकी सगळी सजावट आहे असं समजून ही ओळ शोधा. तिथे 'व्होल्ने प्रमिये क्रू' असेल तर प्रमिये क्रू, नुसतं 'व्होल्ने' असेल तर गावपातळी. 'प्रमिये' हा शब्द बरेचदा 1 या आकड्यापुढे ई आणि आर जोडून छापतात.

पहिला सापळा इथेच आहे. गावपातळीच्या वाइनवरही शेताचं नाव छापायला परवानगी असते, लहान अक्षरात. त्यामुळे शेताचं नाव दिसलं म्हणजे प्रमिये क्रू, असं धरून चालू नका. उलट प्रकारही होतो. दोन-तीन प्रमिये क्रू तुकड्यांची वाइन एकत्र केली असेल, तर लेबलवर 'व्होल्ने प्रमिये क्रू' एवढंच असतं, शेताचं नाव नसतं. अशा बाटल्या मला आवडतात. चांगल्या हाताच्या असतात आणि नावाचं वलय नसल्याने जरा स्वस्त पडतात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे बाटली कुणी भरली. 'मी आं बुतेय ओ दोमेन' असं असेल तर ज्याची बाग त्यानेच वाइन केली आणि त्यानेच भरली. नसेल तर बहुधा नेगोसियां, म्हणजे दुसऱ्यांकडून द्राक्षं किंवा तयार वाइन विकत घेऊन आपल्या नावाने विकणारा व्यापारी. नेगोसियां म्हणजे वाईट असं अजिबात नाही, बोनमधली काही जुनी घराणी उत्तम वाइन करतात. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्गंडीच्या नावाखाली दक्षिणेकडची दाट वाइन मिसळून विकायचे प्रकार सर्रास चालत. त्याविरुद्ध उभे राहून आपली वाइन आपणच बाटलीत भरायला लागलेल्या पहिल्या काही बागायतदारांत व्होल्नेचे मार्की दांजेरव्हिल होते. 1935 मध्ये फ्रान्समध्ये नाव-नियंत्रणाचा कायदा आला, त्याला या भांडणांची पार्श्वभूमी आहे.

'व्येय व्हीन्य', म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना कायद्यात वयाची अट नाही. 'ग्रां व्हां द बुर्गोन्य', म्हणजे बर्गंडीची थोर वाइन, हे तर नुसतं शोभेचं वाक्य. 'मोनोपोल' मात्र खरं असतं, म्हणजे तो अख्खा तुकडा एकाच मालकाचा.

पायरी 4: वर्ष पाहा, पण त्याच्या आहारी जाऊ नका

इथले बागायतदार दोन गोष्टींना घाबरतात, एप्रिलमधलं हिमदव आणि उन्हाळ्यातली गारपीट. गारपीट म्हटल्यावर आपल्याकडचा द्राक्षवाला पुढचं ऐकायच्या आधीच मान हलवेल. 2012, 2013 आणि 2014 अशी लागोपाठ तीन वर्षं पॉमार-व्होल्ने परिसराला गारांनी झोडपलं. 2016 आणि 2021 मध्ये एप्रिलच्या हिमदवाने नवे कोंब जाळले. अशा रात्री बागेत ओळींमधून शेकडो मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. फोटो फार सुंदर येतात, पण पेटवणाऱ्याचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

खरेदीपुरतं एवढं लक्षात ठेवा. 2015, 2018, 2019, 2020 आणि 2022 ही उन्हाची वर्षं. रंग गडद, फळ पिकलेलं, दाट वाइनची सवय असलेल्यांना लगेच आवडेल असं. 2017 आणि 2021 हलकी वर्षं. पेपर आरपार वाचता येईल अशी वाइन, लवकर पिऊन टाकायची. व्होल्नेची नजाकत पाहायची असेल तर मी 2017 उघडेन. पंधरा वर्षं ठेवायची असेल तर 2019 घेईन.

एक गोष्ट मात्र झपाट्याने बदलते आहे. बोनमध्ये द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी 1354 पासूनच्या मिळतात. त्या सगळ्या जुळवून पाहिल्यावर असं दिसलं, की 1988 नंतर तोडणी आधीच्या सहा शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे 13 दिवस आधी होते आहे. पूर्वी द्राक्षं पिकतील की नाही याची चिंता असे, आता ती फार लवकर पिकतात ही चिंता.

जाता जाता, आपल्याकडच्या बागायतदारांसाठी. नाशिकला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात, कारण वेल तिथे कधी पूर्ण झोपत नाही. व्होल्नेत वेल हिवाळाभर निपचित पडलेली असते, छाटणी एकच, डिसेंबर ते मार्चच्या मध्ये. मंडप नाही. वेली कमरेएवढ्या, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास, म्हणजे एकरी चार हजार. छाटलेल्या काड्या जाळायला जुन्या पिंपाची हातगाडी करतात आणि ती पेटती ठेवून ओळीतून ढकलत नेतात. जानेवारीत सगळ्या उतारावर असे निळसर धुराचे शेंडे उठलेले असतात, आणि छाटणारा त्याच गाडीवर हात शेकतो.

पायरी 5: खरेदी

युरोपात गावपातळीची व्होल्ने साधारण 40 ते 70 युरोच्या दरम्यान मिळते. प्रमिये क्रूला 70 च्या पुढे मोजावे लागतात आणि नावाजलेल्या उत्पादकाची असेल तर दीडशे-दोनशेही होतात. भारतात आयात शुल्क आणि राज्याचे कर चढून हाच आकडा दुप्पट-अडीचपट झालेला दिसतो. कुणी परदेशातून येत असेल तर त्यांना सांगणं जास्त शहाणपणाचं. येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. बाटल्या चेक-इन सामानात, जीन्सच्या पायांत गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी. हातात ठेवाल तर सुरक्षा तपासणीत जातील.

पहिल्याच बाटलीला साठ युरो जिवावर येत असतील तर शेजारच्या मोंतलीची बाटली शोधा. हे गाव व्होल्नेला खेटून, जरा आडवळणाला आहे, स्वभाव जवळपास तोच आणि नाव कमी प्रसिद्ध. त्याहून स्वस्त हवी असेल तर व्होल्नेतल्याच एखाद्या चांगल्या उत्पादकाची साधी 'बुर्गोन्य' लाल. गावाच्या हद्दीबाहेरच्या सपाटीवरच्या बागा, पण हात तोच. माझ्या मते बर्गंडीतला सर्वांत प्रामाणिक सौदा हाच.

दुकानात एक गोष्ट न लाजता करा. बाटली कुठे ठेवली होती ते बघा. मी एकदा शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली सवलतीच्या मोहाने घेतली. घरी उघडली तर बूच जरासं वर आलेलं आणि आत शिजवलेल्या मनुकांचा वास. तीन हजारांवर पाणी सोडलं. तेव्हापासून बुचावरचं आवरण बोटाने फिरवून, ते गळतीने चिकटलेलं नाही ना, हे पाहतो. आत वाइनची पातळी मानेपर्यंत आहे ना, हेही.

पायरी 6: घरी सांभाळणं

12 ते 14 अंश, अंधार, बाटली आडवी. हे झालं पुस्तकी उत्तर. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात कपाटातलं तापमान कुठल्या कुठे जातं, हे आपण जाणतो. तेव्हा वाइनचा छोटा फ्रिज नसेल तर साठा करूच नका. दोन-तीन महिन्यांत पिणार असाल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी ठेवा. आदर्श नाही, पण माळ्यावर भाजून काढण्यापेक्षा शंभरपट बरं. फ्रिजच्या डोक्यावर मात्र कधीच नाही, तिथे मोटरची ऊब असते.

गावपातळीची व्होल्ने पाच ते दहा वर्षांत पिण्याजोगी होते, प्रमिये क्रू त्याच्याही पुढे. मधे एक काळ असा येतो की वाइन मिटून बसते, वास येत नाही, नुसती आंबट लागते. बिघडली असं समजून फेकू नका, तशा दोन बाटल्या असतील तर दुसरी दोन वर्षांनी उघडा.

पायरी 7: उघडण्याआधी

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य ज्या खोलीवरून आलं ती खोली युरोपातली, जुन्या दगडी घरातली होती. व्होल्ने 14 ते 16 अंशांवर प्यायची. आपल्या 30 अंशांच्या खोलीत ठेवलेली बाटली फ्रिजमध्ये दोनेक तास ठेवा. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घालून दहा-बारा मिनिटं. नुसता बर्फ घालू नका, पाण्याशिवाय गारवा बाटलीला नीट लागत नाही. ग्लासात ओतल्यावर ती आपोआप दोन अंश चढते, म्हणून थोडी जास्तच गार केलेली चालते. गरम व्होल्ने पिणं हा पैशाचा सर्वांत मोठा अपव्यय. त्यात नुसता अल्कोहोल नाकाला झोंबतो.

ग्लास मोठ्या पोटाचा आणि तोंडाशी निमुळता घ्या, आणि तिसराच भाग भरा. जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाला बसेल, आणि हळू ओता. डिकँटर या काचेच्या भांड्यात तासन्‌तास ओतून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. जुन्या व्होल्नेचा वास नाजूक असतो, तासाभरात उडून जातो आणि नेमका पाहुणे यायच्या आधी.

बूच काढल्यावर आधी वास घ्या. पावसाळ्यात भिजून कुबट झालेल्या पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा वास आला तर ती बाटली बुचामुळे खराब झाली. ती हवा लागून सुधारत नाही. हॉटेलात असाल तर बिनधास्त परत करा, हा तुमचा हक्क आहे.

पायरी 8: दोन ग्लासांचा प्रयोग

हाच या सगळ्याचा गाभा. एक व्होल्ने आणि एक पॉमार घ्या, शक्यतो एकाच वर्षाची, एकाच उत्पादकाची, निदान एकाच दर्जाची. चार-सहा जण मिळून वर्गणी काढा. 750 मिलिलिटरमध्ये सव्वाशेचे सहा ग्लास होतात. दोन्ही गार करा, दोन ग्लास शेजारी ठेवा आणि सुरुवातीला काही खाऊ नका.

रंग बघा. पॉमार साधारण एक छटा गडद. मग न हलवता वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा कोकणातली मावशी आलेली होती. ती पीत नाही, पण कुतूहलाने दोन्ही ग्लास नाकाशी धरले. व्होल्ने हुंगून म्हणाली, "यात तुती आहे, आणि ते नवीन आगळ उघडल्यावर येतं ना, तसं काहीतरी." पॉमार हुंगून म्हणाली, "हा जांभळाकडचा. आणि याला जरा लोखंडाचा वास." आम्ही फ्रेंच नावं घोकून बसलो होतो आणि तिने दोन वाक्यांत उतारा वाचून दाखवला.

पॉमारच्या जमिनीत चिकणमाती जास्त, काही तुकड्यांत लोहयुक्त लालसर. पाऊस पडल्यावर बूट जड होतात अशी. व्होल्नेच्या वरच्या उतारावर मातीचा थर पातळ, खाली जुरासिक काळातला चुनखडक, आणि बागेत पांढुरके खडे पसरलेले. पाणी पटकन निघून जातं. माती आणि चव यांचा धागा नेमका कसा जुळतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण ग्लासात फरक आहे, तो कुणीही घेऊ शकतो.

आता घोट घ्या, तोंडात फिरवा आणि जिभेवर काय उरतं ते बघा. मराठीत आपल्याला 'तुरट' हा शब्द आयता मिळाला आहे. पॉमार जांभूळ खाल्ल्यावर जीभ जाड होते तशी हिरड्यांना धरते. व्होल्नेचा तुरटपणा बारीक, वस्त्रगाळ. त्यामागून आंबटपणा येतो, लाळ सुटते आणि वास नाकात मागून पुन्हा वर येतो. गिळल्यावर किती वेळ टिकतो ते मनात मोजा. यालाच तिथले लोक 'फिनेस' म्हणतात. हलकी असून पोकळ नाही. अठराव्या शतकापर्यंत तर व्होल्नेची वाइन याहूनही फिकट करत. सालींसोबत अगदी थोडा वेळ ठेवायचे आणि त्या रंगाला 'तित्तिराचा डोळा' म्हणायचे. आजची व्होल्ने त्या मानाने धट्टीकट्टी.

दोन्हींतली थोडी वाइन उरवा, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही चाखा. माझ्या अनुभवात तरुण पॉमार दुसऱ्या दिवशी खुलते, व्होल्ने पहिल्या रात्रीच बोलून घेते.

पायरी 9: सोबत काय वाढायचं

तिखट नको. तांबडा रस्सा, काळा मसाला, ठेचा यांच्यापुढे व्होल्ने मरते, आणि मिरचीच्या जोडीला अल्कोहोल आणखी झोंबतो. बर्गंडीत तिच्यासोबत भाजलेली कोंबडी, बदक, किंवा रेड वाइनच्या सॉसमध्ये शिजवलेली अंडी खातात. आपल्या स्वयंपाकघरात मला सापडलेली सर्वांत चांगली जोडी म्हणजे आळणी मटण. हळद, मीठ, आलं-लसूण, बस. तो सूप आणि मऊ तुकडा व्होल्नेला अगदी चपखल बसतो. शाकाहारींसाठी लोण्यात, मिरपूड घालून खरपूस परतलेली अळंबी. वाइन जुनी असेल तर तिच्यातही तोच पालापाचोळ्याचा वास असतो. गोड पदार्थ अजिबात नको.

पायरी 10: प्रत्यक्ष जायचं झालं तर

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून जलद गाडीने दिजाँ साधारण दीड-पावणेदोन तास, तिथून लोकल गाडीने बोन वीसेक मिनिटं. बोनमध्ये रंगीत कौलांचं ऑतेल-द्यू बघाच. 1443 मध्ये ड्यूकचा चान्सलर निकोला रोलॅं आणि त्याची पत्नी गिगोन द सालॅं यांनी गरिबांसाठी हे रुग्णालय काढलं. दानात मिळत गेलेल्या त्याच्या बागा आज सुमारे 60 हेक्टर आहेत, त्यांत व्होल्नेच्याही. त्या बागांची नवी वाइन 1859 पासून लिलावात विकली जाते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, 228 लिटरच्या पिंपांनी. त्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

बोनमधून सायकल भाड्याने घ्या. बागांमधून जाणारा सायकलमार्ग पॉमार, व्होल्ने, मर्सोवरून पुढे सांतनेपर्यंत जातो, वीस-बावीस किलोमीटर. उत्पादक छोटी कुटुंबं आहेत, दारात दुकान नसतं. तीन-चार आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्या, वेळेवर पोहोचा आणि चाखून झाल्यावर निदान एक-दोन बाटल्या विकत घ्या. फुकट चाखून निघून येणं तिथे चांगलं दिसत नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणीचे दिवस, तेव्हा कुणाला फुरसत नसते. तळघरात वाइन चाखून थुंकायला भांडं असतं, ते वापरा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे.

पॉमार सोडल्यावर चढ सुरू होतो. व्होल्नेच्या खालच्या रस्त्याला सायकल टेकवून कायरेच्या बांधाशी उभे राहा. आत पाऊल टाकू नका, ओळीत कुणाची तरी वर्षभराची मेहनत असते. बाहेरूनही खडे दिसतात, पांढरे, अंगठ्याएवढे, उन्हात तापलेले. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी समोर सोन नदीच्या सपाटीपलीकडे आल्प्समधलं मों ब्लांचं शिखर दिसतं. बाटली घेतलीत तर पाठीवरच्या पिशवीत नीट आडवी बसवा, परतीचा रस्ता बराचसा उताराचा आहे.